ऑड्रा मॅकडोनाल्ड : स्वतःचा आवाज बाजूला ठेवणारी गायिका

संगीत नाटकाच्या शौकिनांत एक जुना वाद आहे. पद चालू असताना पात्र गातं की गायिका? वन्समोर आला की विरहाने व्याकूळ झालेली नायिका तेच पद पुन्हा पहिल्यापासून म्हणायची आणि कथानक तेवढा वेळ विंगेत थांबायचं. मला त्यात काही गैर वाटत नाही, मजाच वाटते. पण आज जिच्याविषयी बोलायचंय तिने या वादाला अगदी निराळं उत्तर दिलंय.

ऑड्रा मॅकडोनाल्ड. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या कामासाठी टोनी पुरस्कार देतात. अभिनेत्रींसाठी त्यात चार विभाग: नाटकातली प्रमुख आणि सहायक भूमिका, आणि संगीतिकेतल्या याच दोन. आपल्या भाषेत, गद्य नाटक वेगळं आणि संगीत नाटक वेगळं. ऑड्राने 1994 ते 2014 या काळात सहा टोनी मिळवले आणि चारही विभागांत जिंकणारी ती पहिली ठरली.

ऐकायला हे सरळ वाटतं. सुरुवात मात्र अवघड होती. जन्म 1970चा, बालपण कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात. स्वप्न ब्रॉडवेचं, पण शिकायला गेली ज्युलिअर्ड या नामांकित संस्थेत, आणि तिथे तालीम मिळाली ऑपेराच्या गाण्याची. आवाज सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतला, आणि चांगला भरदार. आवाज तयार होत होता, पण ती आतून खचत गेली. इतकी, की शिक्षण मध्येच थांबवावं लागलं. याबद्दल ती पुढे मोकळेपणाने बोलली आहे. त्या खंडात तिला 'द सीक्रेट गार्डन' ही संगीतिका मिळाली आणि ब्रॉडवेवरची तिची पहिली भूमिका ठरली हिंदुस्थानातल्या एका आयेची! नंतर तिने ज्युलिअर्डचं शिक्षणही पूर्ण केलं.

'कॅरोसेल'च्या निवडचाचणीत गाता गाता ती चक्कर येऊन पडली. तरी भूमिका मिळाली, आणि पहिला टोनीही. दुसरा मिळाला 1996मध्ये, 'मास्टर क्लास'साठी. हे नाटक आहे मारिया कॅलास या थोर ऑपेरा गायिकेच्या शिकवणीवर. ऑड्रा त्यात एक विद्यार्थिनी. कॅलास तिला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलते, मुलगी पळून जाते, परत येते आणि व्हेर्दीची अतिशय कठीण रचना गाते. आता गंमत बघा, ज्या तालमीत ती घुसमटली होती, तीच इथे रोज रात्री कामाला आली. पुरस्कार मिळाला तो मात्र गद्य नाटकातल्या अभिनयाचा. पुढे 'रॅगटाइम', मग बिनगाण्याचं 'अ रेझिन इन द सन', मग 'पोर्गी अँड बेस'.

पण माझ्या मते तिचं खरं मोठं काम 2014चं, 'लेडी डे'. नाटक घडतं 1959मध्ये, फिलाडेल्फियातल्या एका छोट्या बारमध्ये. गायिका आहे बिली हॉलिडे, मृत्यूच्या चार महिने आधीची. एवढी मोठी गायिका अशा बारमध्ये का? अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या मद्य मिळणाऱ्या क्लबांत गाण्याचा तिचा परवानाच गेला होता. बिली गाते, पिते, आठवणी सांगते, शब्द घसरत जातात.

आता दोघींचे आवाज शेजारी ठेवून पाहा. बिलीचा आवाज लहान पल्ल्याचा, किंचित नाकातला, शेवटी शेवटी चिरकलेला. शब्द तालाच्या जरा मागून येणारा. ऑड्राचा याच्या अगदी उलट. वर्षानुवर्षं घोटलेला तो गोल, घुमणारा आवाज तिने बाजूला ठेवला. नक्कल अनेकांना जमते. पण आपल्याकडे याहून सुंदर सूर आहे हे माहीत असताना, टाळीची हमी असताना, तो दीड तास आवरून धरणं? वन्समोरवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचं मोल चटकन कळेल. या कामाबद्दल तिला सहावा टोनी मिळाला, तोही गद्य नाटकाच्याच विभागात. पुढे ते चित्रितही झालं.

पडद्यावर ती दिसते 'प्रायव्हेट प्रॅक्टिस' आणि 'द गुड फाइट' या मालिकांत. ती कामं चोख आहेत, पण तिचं घर रंगमंचच.

2024च्या अखेरीस तिने 'जिप्सी'तली रोझ केली, मुलींना रंगमंचावर ढकलणारी हट्टी आई. मुळात ही भूमिका एथेल मर्मन या बुलंद, खणखणीत आवाजाच्या नटीसाठी रचलेली. साहजिकच चर्चा झाली, की सोप्रानोला हे शोभतं का? मला विचाराल तर काही जागी सूर ताणलेला वाटतो, पण रोझही तशीच ताणलेली बाई आहे. अकरावं नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. 2025च्या टोनी सोहळ्यात तिने त्यातलं शेवटचं गाणं सादर केलं. तो भाग मिळाला तर दोनदा पाहा. एकदा डोळे मिटून, आणि एकदा आवाज बंद करून.