मेहताजी गेले, पासवर्डही गेले
आपली चावी आपल्या हाती : लेखांक सहावा

भिवंडीतल्या कुठल्याही पेढीवर संगणकाकडे नीट पाहा. पडद्याच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी दिसेल. तिच्यावर जीएसटीचा युजर आयडी, ई-वे बिलाचा पासवर्ड, आयकराचा पासवर्ड, टोरंटच्या वीजबिलाचा, आणि पुष्कळदा बँकेचाही. चिठ्ठी नसेल तर हा सगळा ऐवज हिशोब ठेवणाऱ्या मेहताजींच्या डोक्यात असतो. मेहताजी शेजारच्या गल्लीत जास्त पगारावर गेले, की ऐवजही त्यांच्याबरोबर जातो.

ही अडचण फार जुनी नाही. जीएसटी १ जुलै २०१७ला आला आणि परराज्यात जाणाऱ्या मालाला १ एप्रिल २०१८पासून ई-वे बिल सक्तीचं झालं. तोवर यंत्रमागवाल्याचा हिशोब चोपडीत चालायचा. आता पन्नास हजारांवरचं ग्रे कापड गुजरात-राजस्थानकडे निघायचं, तर टेम्पो हलण्याआधी कुणीतरी लॉगिन करावं लागतं. माणकोली, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामांत तर हे काम दिवसभर चालू असतं.

पासवर्ड लांब हवा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, हे आपण मागच्या लेखात पाहिलं. इतके पासवर्ड कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. ते सगळे कुलूपबंद ठेवणारा एक पासवर्ड मॅनेजर घ्यायचा आणि त्याचा एकच मास्टर पासवर्ड पाठ करायचा, हा त्यावरचा उपाय. प्रश्न उरतो तो कुठला घ्यायचा हा.

माझा आग्रह ओपन सोर्सचा आहे, म्हणजे ज्याची आतली रचना कुणालाही उघडून तपासता येते अशा सॉफ्टवेअरचा. रचना उघडी असली तर चोराला सोपं जाईल, अशी शंका येतेच. तिचं उत्तर गुप्तलिपीतज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३मध्येच देऊन ठेवलं आहे : यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त चावी. ओपन सोर्समध्ये दोष नसतात असं मात्र नाही. २०२३मध्ये कीपास या ओपन सोर्स मॅनेजरमध्ये संगणकाच्या मेमरीतून मास्टर पासवर्ड जवळजवळ पूर्ण काढता येईल असा दोष सापडला. तो जाहीर झाला, जगभर तपासला गेला आणि जूनमध्ये आलेल्या २.५४ आवृत्तीत दुरुस्त झाला. उलट लास्टपास या बंदिस्त सेवेतून २०२२मध्ये ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडेच साठवलेले होते. कुणाचं खातं कुठल्या बँकेत आहे, हे चोरांना आयतं कळलं.

भिवंडीसाठी खरी निवड दोघांत आहे : कीपासएक्ससी आणि बिटवॉर्डन.

कीपासएक्ससी तुमचे सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवतं आणि ती फाइल तुमच्याच संगणकावर राहते. खातं नाही, वर्गणी नाही, इंटरनेटची गरज नाही. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज गेली तरी तिजोरी उघडते. हव्या त्या नोंदीवर जाऊन कंट्रोल-सी दाबलं की पासवर्ड कॉपी होतो आणि दहा सेकंदांत क्लिपबोर्डवरून आपोआप पुसला जातो. ब्राउझरला जोडलं तर साइटचा पत्ता नोंदीशी जुळल्यावरच ते पासवर्ड भरायला पुढे येतं. जीएसटीच्या नावाने हुबेहूब बनावट पान उघडलं, तर माणूस फसेल, हे गप्प राहील. अँड्रॉइड मोबाइलवर हीच फाइल कीपासडीएक्स या ॲपने उघडता येते.

अडतं ते दोन माणसं आली की. शेठनी घरी एक पासवर्ड बदलला, मेहताजींनी पेढीवर दुसरा बदलला, आणि फाइल गुगल ड्राइव्हवरून फिरत असली, तर दोन वेगळ्या प्रती तयार होतात. त्या एकत्र करायची सोय आहे. ती रोज आठवणीने वापरणारा माणूस मात्र पेढीवर सहसा नसतो.

तिथे बिटवॉर्डन सरस. २०१६पासूनची ही सेवा सांकेतिक तिजोरी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवते आणि फोन, घर, ऑफिस सगळीकडे तीच तिजोरी दिसते. मोफत योजनेत कितीही उपकरणं चालतात आणि दोन माणसांना काही पासवर्ड सामाईक ठेवता येतात. मालक आणि मेहताजी एवढ्यांचं त्यात भागतं. सीए आणि ट्रान्स्पोर्टवालाही जोडायचा, तर पैसे मोजावे लागतात. नेट नसताना आधी उघडलेली तिजोरी वाचता येते, बदलता येत नाही.

माझा कौल असा : टेबल एक, माणूस एक, तर कीपासएक्ससी, आणि फाइलची प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर. युनिट एकीकडे, गोदाम दुसरीकडे, मुलगा ठाण्याहून काम बघतो, तर बिटवॉर्डन. चुकीचं निवडलं तरी अडकून पडायला होत नाही, कारण बिटवॉर्डनमधून काढलेली फाइल कीपासएक्ससीला वाचता येते. काढताना ती उघड्या मजकुरात निघाली असेल, तर काम झाल्यावर लगेच पुसून टाका. डाउनलोड मूळ संकेतस्थळावरूनच करा. २०२३मध्ये कीपासच्या नावाने गुगलवरच्या जाहिरातीतून बनावट साइट पसरवली गेली होती.

मॅनेजर कुठलाही घ्या, पण प्रत्येक पासवर्ड सगळ्यांना वाटायची गरज नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर तयार करता येतात. गोदामातल्या मुलाला त्याचा स्वतःचा आयडी द्या. तो सोडून गेला की तेवढाच बंद करायचा. १ एप्रिल २०२५पासून या पोर्टलवर सगळ्यांना ओटीपीची दुहेरी पडताळणी लागू झाली आहे. नोंदलेला मोबाइल जुन्या माणसाचा असेल, तर तो आधी बदला.

मास्टर पासवर्ड पाच-सहा असंबद्ध मराठी शब्दांचा करा, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या. लिहा मात्र रोमन अक्षरांत, कारण दुसऱ्याच्या संगणकावर मराठी कीबोर्ड मिळेलच असं नाही. तो कागदावर लिहून पाकिटात घाला, पाकीट लोखंडी तिजोरीत ठेवा आणि घरातल्या एका माणसाला त्याची जागा सांगा. तुम्ही विसरलात, तर तो ना कंपनी परत देऊ शकते, ना सीए. मॅनेजरमध्ये पहिली नोंद करण्याआधी हे पाकीट तयार करा.