गोटा टायर आणि ट्रॅकवरचं पासिंग

मुंबई-पुण्यातल्या रिक्षाला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंगला उभं राहावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. तिच्या शेजारून जाणारी खासगी मोटार मात्र एकदा नोंदणी झाली की पंधरा वर्षं कुठल्याही निरीक्षकासमोर जात नाही. पीयूसी काढावं लागतं, पण त्यात फक्त धूर तपासतात. टायर गोटा झालाय का, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, बॉल जॉइंट ढिला झालाय का, हे कुणा तिऱ्हाइताकडून तपासून घ्यायची सक्ती नाही. विम्याचा हप्ता भरला, धुराचा कागद काढला की मालकाच्या मते गाडी फिट.

अशी एखादी गाडी हौसेखातर रेस ट्रॅकवर जाते तेव्हा हा समज पहिल्यांदा तपासला जातो. सकाळी सहा-साडेसहाला पिटच्या शेडमध्ये गाड्यांची रांग लागते. कुणीतरी टॉर्च घेऊन चाकापाशी उकिडवा बसतो, टायरच्या खाचेत गेज घालतो आणि मालकाकडे न बघता विचारतो, ‘‘अलाइनमेंट कधी केली होती?’’ पॅडॉकमध्ये या प्रकाराला सगळे ‘स्क्रुटिनी’ म्हणतात. सात-आठ वर्षं झालेल्या गाडीचंही हे अनेकदा पहिलंच पासिंग असतं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. नंबर नाहीत, करंडक नाही. आपली रोजची मोटार किंवा बाइक घेऊन जायचं, फी भरायची, ब्रीफिंग ऐकायचं, मग अनुभवानुसार पाडलेल्या गटातून पंधरा-वीस मिनिटांची सत्रं करायची. देशात त्यासाठीच्या जागा मोजक्याच आहेत. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट 5.125 किलोमीटरचं, 2011 ते 2013 तिथे फॉर्म्युला वन झाली आणि 2023 मध्ये मोटोजीपी. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, सुमारे 3.7 किलोमीटरचा. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे. मारुतीचं इंजिन बसवलेल्या एकासनी गाड्या उभ्या करून या खेळाला स्वस्तातला रस्ता दाखवणारे एस. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. हा ट्रॅक त्यांच्या नावाचा. आपल्याकडे कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, पुण्याजवळ नाणोलीला छोटा ट्रॅक झाला आहे, लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरतात. पण चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये श्वास रोखायला लावेल असं लांबलचक सर्किट महाराष्ट्रात नाही. म्हणून इथले हौशी लोक दक्षिणेकडे हजारावर किलोमीटर गाडी हाकत जातात आणि त्याच टायरवर परत येतात. या परतीच्या प्रवासाकडे शेवटी यायचं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 94 वा नियम टायरचा. दुचाकी-तीनचाकीला खाचेची खोली किमान 0.8 मिलिमीटर, बाकी वाहनांना 1.6. ब्रिटनने 1968 मध्ये 1 मिलिमीटरची अट घातली आणि 1992 पासून ती 1.6 वर नेली. अमेरिकी टायरवाले दोन बत्तिसांश इंच म्हणतात, तेही जवळपास एवढंच भरतं. जगभर मान्य झालेला हा आकडा मुळात पाण्यासाठी आहे. खाचा असतात त्या रस्त्यावरचं पाणी बाजूला काढायला. कोरड्या डांबरावर पकड येते ती रबर डांबराच्या बारीक खडबडीत बसण्यातून आणि त्याला चिकटण्यातून. तिथे खाच म्हणजे वाया गेलेली जागा. शर्यतीचे स्लिक टायर गुळगुळीत असतात ते यामुळेच.

त्यामुळे ट्रॅकवर एक उलटा न्याय दिसतो. आठ मिलिमीटर नक्षीचा कोरा करकरीत रस्त्याचा टायर पहिल्या दोन सत्रांत मार खातो. उंच बटणं वळणात आडवी हलतात, त्या हालचालीने आतून तापतात आणि कडेने तुकडे उडू लागतात. परदेशात काही हौशी लोक नवा टायर मुद्दाम तासून निम्म्यावर आणतात आणि मग ट्रॅकवर नेतात. नव्या टायरवर पैसे घालून आलेल्या माणसाला हे पटवणं कठीण जातं, आणि त्याचं दुःख मला समजतं. पण चार मिलिमीटर उरलेला, सारखा झिजलेला, वयाने तरुण टायर कोरड्या ट्रॅकवर त्याच्या नव्या टायरपेक्षा बरा, ही गोष्ट खरी आहे.

म्हणून जाणता तपासनीस खोली मोजतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. टायर किती उरलाय यापेक्षा तो कसा झिजलाय, हे त्याला बघायचं असतं. आधी तो तळहात टायरच्या पृष्ठभागावरून बाहेरून आत फिरवतो, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलेली असते. चाक सरळ न लोळता थोडं घसटत चाललेलं असतं. मधला पट्टा झिजून कडा शाबूत असतील तर हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या असतील तर कमी. एकाआड एक खळगे पडले असतील तर शॉकअबसॉर्बरकडे बोट. फक्त बाहेरची कड गेली असेल तर गाडी आधी कुठल्यातरी ट्रॅकवर किंवा घाटात पिळली गेली आहे. रोजच्या गाड्यांना आत झुकणारा कँबर जेमतेम दिलेला असतो, त्यामुळे जोरात वळताना सगळा भार बाहेरच्या खांद्यावर येतो. बुद्ध सर्किटसारख्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात, तिथे पहिला बळी पुढच्या डाव्या चाकाचा.

मग बाजूची भिंत. तिथे फुगा आलेला दिसला की चर्चा संपते. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात. शहरात पन्नासच्या वेगाने तो फुगा महिनोन्‌महिने साथ देतो, दीडशेच्या वेगाने देईलच असं नाही. तार दिसत असेल तरी तेच. ट्यूबलेसच्या पंक्चरमध्ये रबराची काडी खुपसलेली असेल तर अनेक आयोजक नाही म्हणतात, बाइकच्या बाबतीत तर हमखास.

भिंतीवरच्या ‘डॉट’ अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे टायरचं वय सांगतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि वय नऊ वर्षं, असे टायर आपल्याकडे घरोघरी आहेत, कारण रविवारपुरती निघणारी गाडी टायर झिजवतच नाही. पण रबर उभ्या उभ्याही कडक होतं, आणि ट्रॅकवर दरवेळी तापून-गार होऊन आणखी. टायर कंपन्या कमाल दहा वर्षं म्हणतात. ट्रॅकवरचे बरेच क्लब सहाच्या पुढे कुरकुर करतात.

त्याच भिंतीवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक आकडा असतो, 200, 340, 420 असा. अमेरिकी सरकारच्या पद्धतीत 100 हा प्रमाण टायर. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या सुमारे 400 मैलांच्या सार्वजनिक रस्त्यांवर ताफ्याने 7,200 मैल चालवून झीज मोजतात. आकडा मात्र कंपनी स्वतःच ठरवून छापते, त्यामुळे एका कंपनीचा 300 दुसरीच्या 300 शी ताडून पाहण्यात अर्थ नाही. साधारण कल कळतो एवढंच: आकडा लहान तर रबर मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी.

हवेचं गणित घरी करून बघण्यासारखं आहे. सकाळी 27 अंशांना 32 पीएसआय भरलेल्या टायरच्या आतली हवा 80 अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे 40 वर जातो. टायर मधोमध फुगतो, कडा जमिनीला कमी टेकतात, गाडी तरंगल्यासारखी वागू लागते. म्हणून अनुभवी लोक थोडी कमी हवा ठेवून सुरुवात करतात आणि प्रत्येक सत्रानंतर गरम टायर मोजतात. फार कमी केली तर टायर भिंतीवर लोळतो. कुठवर लोळतोय ते बघायला खांद्यावर खडूची रेघ मारतात. रेघ पुसली गेली तेवढा भाग जमिनीला लागला. नायट्रोजन भरला की हे सगळं टळतं असं पंपावर सांगतात. तापल्यावर नायट्रोजनही प्रसरण पावतोच. फरक पडतो तो कॉम्प्रेसरच्या हवेतली ओल टळल्याने, आणि तेवढ्यासाठी मी तरी पैसे देणार नाही.

बाइकची कथा वेगळी. मुंबई-पुणे करणाऱ्या बाइकचा मागचा टायर मधोमध चपटा होतो, कडेचे पट्टे मात्र कोरे राहतात. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही. पण वळणात बाइक आडवी घातली की चपट्या भागावरून कडेवर जाताना ती एकदम पडल्यासारखी झुकते, आणि नवखा माणूस तिथेच गडबडतो. कायद्याने 0.8 मिलिमीटर पुरे, ट्रॅकवर या टायरचा आकार पुरेसा नाही. शिवाय बाइकच्या रेडिएटरमध्ये ग्लायकॉलचं कूलंट असेल तर अनेक ठिकाणी ते काढून साधं पाणी भरायला लावतात. ग्लायकॉल सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि धुतल्याशिवाय जात नाही.

बाकीची तपासणी वेगात उरकते. गाडीतून जॅक, बाटल्या, मॅट, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा बाहेर. बॅटरी हलते का, कुठे गळती आहे का. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटका आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे आला तर टाय रॉड. चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळलेले हवेत. रस्त्यावरच्या दुकानात पाइप लावून पायाने दाबलेले चालत नाहीत. हेल्मेटला प्रमाणाचा शिक्का हवा. अमेरिकेतल्या स्नेल फाउंडेशनची प्रमाणं मोटारींना एक आणि बाइकला वेगळी, कारण मोटारीच्या हेल्मेटचं अस्तर आगीला दाद न देणारं लागतं. पीट स्नेल हा चालक 1956 च्या शर्यतीत डोक्याला मार लागून गेला, त्यानंतर वर्षभरात ही संस्था उभी राहिली.

ब्रेकपाशी मात्र पुन्हा थांबावं लागतं. बाराशे किलोची गाडी 160 वरून 60 वर आणताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, तीन लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीला आणायला तेवढीच लागते. आणि हे तीन-साडेतीन सेकंदांत, प्रत्येक फेरीत, दोन-तीन वेळा. ती उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट 4 प्रकारचं ताजं ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी प्रमाणाची किमान मर्यादा आहे 155. कोकणातला एक पावसाळा काढलेल्या गाडीचं ऑइल कुठे असेल याचा अंदाज करा. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ फ्लोअरला टेकतं. अमेरिकेतले अनेक क्लब सहा महिन्यांत ऑइल बदलल्याची मेकॅनिकची सही मागतात. आपल्या गॅरेजात ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ एवढंच लिहिलेलं असतं. टॉप-अपने जुनं पाणी जात नाही.

ब्रिटनमधल्या मोटारींच्या ट्रॅक डेला आवाजाची चाचणी काटेकोर असते, यांत्रिक तपासणी बहुतेक ठिकाणी मालकावर सोपवलेली. हा निष्काळजीपणा नाही. तिथे तीन वर्षांपुढच्या मोटारीला दरवर्षी एमओटी द्यावीच लागते, टायर-ब्रेकसकट. जर्मनीत पहिली तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. आणि न्युर्बुर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर तिकीट काढून जाणाऱ्यांना कायदा रस्त्याचाच लागू होतो. त्यांच्या ट्रॅकचं गेट सैल असू शकतं, कारण मागे सरकारी चाळणी आहे. आपल्याकडे ती चाळणी खासगी गाड्यांना पंधरा वर्षं नाहीच, त्यामुळे टॉर्चवाल्या माणसाने ढिलाई केली तर त्याच्या मागे कुणी नसतं. काही ठिकाणी ही तपासणी दहा गाड्यांनंतर स्टिकर चिकटवण्यापुरती उरते. फीच्या पावतीपेक्षा त्या पाच मिनिटांकडे पाहून आयोजक निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

विम्याचं थोडक्यात. नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादेखाली आयोजित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ‘ही शर्यत नव्हती’ हा युक्तिवाद करता येतो, पण तो बंपर तुटल्यानंतर करावा लागतो. रस्त्यावर शर्यत लावणं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता परतीचा प्रवास. चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. दिवसभर कोरड्या ट्रॅकवर मजेत धावलेला टायर सकाळी चार मिलिमीटर होता, संध्याकाळी बाहेरच्या खांद्यावर दोनवर आलेला असतो. ट्रॅकवर तो अजून उत्तम आहे. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवरून एक सूत्र काढलं: पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणा, येईल तेवढ्या नॉटला पाण्याने झाकलेल्या धावपट्टीवर टायर तरंगू लागतो. 32 पीएसआयला ते ताशी 94 किलोमीटर भरतं. मोटारीचा टायर हुबेहूब तसा वागत नाही, पण खाचा संपत आलेल्या टायरला त्या आकड्याच्या फार पुढे जाता येत नाही, आणि महामार्गावर रात्री आपण सगळे त्याच्या पुढेच असतो.

तेव्हा ट्रॅक डेला जाणार असाल तर निघण्यापूर्वी प्रत्येक टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड मोजून कागदावर लिहा, स्टेपनीसकट. शेवटच्या सत्रानंतर टायर गार झाले की पुन्हा मोजा, हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा आणि नट परत आवळा. कुठल्याही चाकाची कुठलीही कड तीन मिलिमीटरच्या खाली असेल आणि आभाळ भरलेलं असेल, तर तिथेच मुक्काम करा आणि सकाळी टायरचं दुकान गाठा.