७५४७ क्रमांकाचं दार

रविवार, २७ नोव्हेंबर २०१६. दुपारनंतर जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या ग्राहकांचं इंटरनेट बंद पडू लागलं. बघता बघता सुमारे नऊ लाख जणांना फटका बसला. कुठे केबल तुटली नव्हती की वीज गेली नव्हती; राऊटरच गळाठले होते.

घरी माणूस न पाठवता राऊटरची सेटिंग्ज बदलता यावीत, म्हणून कंपन्या टीआर-०६९ नावाची पद्धत वापरतात. तिच्यासाठी राऊटरवर ७५४७ क्रमांकाचा पोर्ट उघडा असतो. हे दार फक्त कंपनीच्या सर्व्हरसाठी उघडायला हवं, पण इथे ते साऱ्या जगाला मोकळं होतं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या एका राऊटरमधली खोट जाहीर झाली होती. घड्याळ लावण्यासाठी टाइम सर्व्हरचं नाव भरायच्या जागी कुणी आज्ञा लिहिली, तर राऊटर ती मुकाट पाळायचा! ‘मिराई’ या मालवेअरच्या नव्या अवताराने हीच युक्ती उचलली आणि जगभरातले राऊटर धुंडाळायला सुरुवात केली. जर्मन राऊटरांची प्रणाली वेगळी होती. मालवेअर त्यांत शिरू शकलं नाही, पण त्या भडिमारानेच ते कोलमडले.

कंपनीने तातडीने नवं फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारं सॉफ्टवेअर, आणलं. ग्राहकांना एवढंच सांगितलं: प्लग काढा, थोडं थांबा, पुन्हा लावा. सुरू होताना राऊटर नवं फर्मवेअर आपोआप उतरवून घेई. पुढे २०१७ मध्ये याप्रकरणी एका ब्रिटिश तरुणाला कोलोनच्या न्यायालयाने दोषी ठरवलं.

आपल्याकडेही अनेक घरांत कंपनीचा माणूस राऊटर बसवून जातो आणि मग त्याकडे कुणी बघत नाही. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरच्या सेटिंग्जचा वेगळा. हा दुसरा अनेकांनी कधीच बदललेला नसतो. राऊटरखालच्या लेबलावर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून हा पासवर्ड आधी बदलावा, ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करावं, फर्मवेअर अपडेट करावं. अपडेट चालू असताना वीज गेली तर राऊटर कायमचा निकामी होऊ शकतो, तेव्हा लोडशेडिंगची वेळ टाळलेली बरी. सेटिंग्ज कंपनीने कुलूपबंद केली असतील, तर कस्टमर केअरला फोन करून अपडेट मागावं.

आणि अपडेटच येईनासे झाले असतील, तर राऊटर धडधाकट दिसला तरी बदलावा. अपडेट कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करणं ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांना बंधनकारक केलं आहे. आपल्याकडेही अपडेट संपण्याची तारीख खोक्यावर ठळक छापली जायला हवी.