वेगाला आवर घालताना

‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही मोटार जुन्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात असेल. मद्रास येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या या गाडीचे मूळ इंग्लंडच्या ‘ट्रायम्फ हेराल्ड’मध्ये होते. याच घराण्यात १९६२ साली ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही देखणी स्पोर्ट्स कार जन्मास आली. इटालियन रचनाकार जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी १९८० पर्यंत तयार होत होती. ब्रिटनमधील हौशी मालक आजही ती जिवापाड जपतात. मात्र गाडी जुनी असली, तरी ती धावते आजच्या रस्त्यावर. पुढची आधुनिक मोटार क्षणार्धात थांबते. मागून येणाऱ्या स्पिटफायरलाही तितक्याच अंतरात थांबावे लागते. म्हणूनच या गाडीचे पुढचे ब्रेक अधिक सक्षम करण्याकडे अनेकांचा कल असतो.

थांबण्याचे गणित

ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. सुमारे ७५० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात जवळजवळ २ लाख ९० हजार ज्यूल ऊर्जा असते. ती ४ सेकंदांत थांबवायची, तर या ऊर्जेचा निचरा सरासरी ९७ अश्वशक्तीच्या दराने करावा लागतो. सुरुवातीच्या स्पिटफायरचे इंजिन होते अवघे ६३ अश्वशक्तीचे! गाडी पळविण्यापेक्षा ती थांबविणे हेच अधिक कष्टाचे काम आहे. त्यातच थांबताना वजनाचा भार पुढे झुकतो. त्यामुळे या कामाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो.

हे ओळखूनच स्पिटफायरला प्रारंभापासून पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक देण्यात आले. डिस्क ब्रेकचे सामर्थ्य तोवर सिद्ध झाले होते. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या साहाय्याने जिंकली आणि १९५६ मध्ये ट्रायम्फनेच टीआर-३ या गाडीला पुढे डिस्क बसविल्या. बंद ड्रमपेक्षा उघडी डिस्क लवकर थंड होते, हे त्यामागील साधे रहस्य.

थोरल्या भावंडाची मदत

स्पिटफायरच्या डिस्कचा व्यास ९ इंच आहे. १९६६ साली आलेल्या सहा सिलिंडरच्या ‘ट्रायम्फ जीटी-६’ला ९.७ इंचांची डिस्क आणि मोठे कॅलिपर मिळाले. दोन्ही गाड्यांच्या पुढील सस्पेन्शनची घडण एकाच घराण्यातील असल्याने जीटी-६चे ब्रेक, चाकाला आधार देणाऱ्या त्यांच्या उभ्या भागांसह, स्पिटफायरला बसविता येतात. मोठी डिस्क अधिक उष्णता सामावून घेते. ब्रेकचा जोर आसापासून अधिक अंतरावर लागत असल्याने चाकावरील पकडही वाढते.

परंतु येथे एक मेख आहे. मोठ्या कॅलिपरच्या पिस्टनला अधिक ब्रेक ऑइल लागते. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर पेडल अधिक खोल जाते. तो मोठा केला, तर पायाला अधिक जोर लावावा लागतो. पुढचा जोर प्रमाणाबाहेर वाढला, तर पुढची चाके लवकर जाम होतात, सुकाणू निरुपयोगी ठरते आणि मागच्या ब्रेकची क्षमता वाया जाते. शेवटी गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. झिजलेल्या किंवा वयाने कडक झालेल्या टायरवर उत्तमोत्तम कॅलिपरही हतबल असतो. शर्यतीसाठीचे कठीण पॅडही रोजच्या वापरात उपकारक ठरत नाहीत. ते तापल्याखेरीज नीट धरत नाहीत.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

म्हणूनच जाणते कारागीर नव्या वस्तूंपूर्वी जुन्यांकडे लक्ष देतात. गंजून अडकलेले पिस्टन, आतून फुगलेले रबरी होज पाइप, खोल चरे पडलेल्या डिस्क, समायोजन बिघडलेले मागचे ड्रम यांची दुरुस्ती झाली की अनेकदा मूळचे ब्रेकच समाधानकारक वाटू लागतात. नेहमीचे डॉट-४ प्रतीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक लावताना त्याची वाफ झाली, तर पेडल पोकळ लागते. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये चारही चाकांसाठी एकच हायड्रॉलिक यंत्रणा होती. एका जागी गळती झाली, तरी चारही चाकांचे ब्रेक निकामी होत.

ही दक्षता आज अधिक मोलाची आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या बहुतेक मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली आहे. वयाच्या दृष्टीने आता प्रत्येक स्पिटफायर या सवलतीस पात्र ठरते. तपासणी टळली, तरी गाडी सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावरच आहे आणि ब्रेकमध्ये बदल केल्यास विमा कंपनीला कळविणेही त्याचे कर्तव्य ठरते.

मोठी डिस्क बसविण्याचा आनंद निश्चितच आहे. पण चाकाआड झिजलेला होज पाइप तसाच राहिला, तर त्या आनंदाला अर्थ नाही. वेगाची हौस जरूर करावी, मात्र हिशेब आधी थांबण्याचा मांडावा.