आठवणींतली गाळलेली वर्षं

लहानपणी अत्याचार सोसलेल्या काहींच्या आठवणीतून अख्खी इयत्ताच गायब असते. शाळेचं नाव सांगता येतं, त्या वर्षीचं घर डोळ्यांपुढे येत नाही. हा विघटनात्मक स्मृतिलोप. विसरभोळेपणा नव्हे, नाटक तर नव्हेच. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्येच मनाच्या अशा विघटनाची मांडणी केली होती.

फिट्स, डोक्याला मार, दारू ही कारणं डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावीत. विघटनात्मक स्मृतिलोपावर खास गोळी नाही. भर समुपदेशनावर, तोही दमानं. आधी झोप आणि सुरक्षितता, आठवणी नंतर. मन भरकटू लागलं, तर गार पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरावा, तळपाय फरशीला टेकवावेत, आजचा वार मोठ्यानं म्हणावा.

संमोहनानं ‘सगळं बाहेर काढतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहिलेलं बरं. सुचवण्यातून खोट्या आठवणीही रुजू शकतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची रचलेली गोष्ट सुमारे पाव सहभागींनी पूर्ण वा अंशतः आपलीच मानली. घरच्यांनीही ‘आठव ना जरा’ म्हणत खनपटीला बसू नये.

मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मदतवाहिनी टेली-मानस : १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.