सहा फुटांनंतरचा एक फूट

अमेरिकेत डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क नावाचा मोठा जलाशय आहे. धरणात पाणी भरलं तेव्हा आतली झाडं बऱ्याच ठिकाणी तशीच उभी ठेवली. आज त्या बुडालेल्या खोडांच्या आडोशाला लार्जमाउथ बास हा मासा दबा धरून बसतो. टेक्सासमधला आजवरचा सर्वांत वजनदार बास १९९२ साली इथेच गळाला लागला. वजन १८.१८ पौंड, म्हणजे जवळपास सव्वाआठ किलो. डॅलसमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाला या पाण्याचा नाद लागला, तर त्याचा पहिला घोळ बोटीत नाही, दुकानात होतो.

कारण भिंतीला गळाच्या काठ्यांची रांग लागलेली असते. साडेसहा फूट, सहा फूट दहा इंच, सात फूट, सात फूट तीन इंच, साडेसात, आठ. मुठीच्या जरा वर काठीवरच बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं: आधी लांबी, मग ताकद (मिडियम, मिडियम हेवी), मग काठी कुठून वाकते ते (फास्ट म्हणजे फक्त टोकाकडून), शेवटी किती वजनाची दोरी आणि किती वजनाचं आमिष चालेल ते. बाकीच्या गोष्टी लोक विचारून घेतात. लांबीच्या बाबतीत मात्र ‘लांब काठी, लांब फेक’ एवढ्यावर सौदा होतो. हे अर्धंच खरं आहे.

खरं अर्धं आधी. मनगट त्याच झपाट्याने फिरलं, तर सहा फुटी काठीपेक्षा सात फुटीचं टोक सुमारे १७ टक्के अधिक वेगाने फिरतं. हवेचा विरोध सोडून दिला, तर फेकीचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ३६ टक्के. ऐकायला झकास.

आता उरलेलं अर्धं. मनगट ‘त्याच झपाट्याने’ फिरेल कशावरून? काठी फिरवायला किती जड जाते ते नुसत्या वजनावर ठरत नाही, ते वजन हातापासून किती लांब आहे यावर ठरतं. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. सारख्या जाडीच्या काठीत ते लांबीच्या घनाने वाढतं. सहाचे सात फूट केले की लांबी वाढते १७ टक्के, पण फिरवण्याचं ओझं वाढतं जवळपास ५९ टक्के. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे, हाताने दोन्ही वेळा तेवढीच ऊर्जा खर्च केली, तर अशा नुसत्या काठीचं टोक लांबी वाढल्यावर उलट थोडं मंदावतं! प्रत्यक्षात काठी टोकाकडे निमुळती असते, टोकाला आमिषाचं वजन असतं आणि माणूस दोन्ही हात लावतो, म्हणून लांबीचा फायदा पदरात पडतो. पण तो एका मर्यादेपर्यंतच, आणि ती मर्यादा काठी कशाची बनवली आहे त्यावर अवलंबून असते.

वाकणंही घनाच्याच हिशेबाने चालतं. एका टोकाला घट्ट धरलेली काठी दुसऱ्या टोकाच्या ओढीने किती लवेल, ते लांबीच्या घनावर ठरतं. लांब काठी लिबलिबीत होऊ नये म्हणून ती जाड करावी, तर पुन्हा वजन वाढतं. त्यात फेकीनंतर लांब काठीचं टोक अधिक वेळ थरथरतं, दोरी काठीवरच्या कड्यांवर घासते आणि मिळवलेलं अंतर तिथे गळतं.

म्हणूनच काठीच्या लांबीचा इतिहास हा खरं तर तिच्या मालाचा इतिहास आहे. पूर्वी चांगली काठी म्हणजे चीनमधल्या टोंकिन बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं. चिवट, स्वस्त, पण जड. त्या काळातली बासची काठी साडेपाच-सहा फुटांची आणि पिस्तुलासारख्या मुठीची असे. १९७३च्या सुमारास फेनविक कंपनीने कार्बन तंतूंची, म्हणजे बाजारात जिला ‘ग्राफाइट’ म्हणतात ती काठी आणली. वजनाच्या मानाने कार्बनचा ताठपणा काचतंतूंच्या तिप्पट-चौपट भरतो. मग काठ्या वाढत वाढत सात फुटांवर आल्या. मासेमाऱ्यांचे हात काही मधल्या काळात लांब झाले नव्हते.

लांब काठीने मासा ‘जोरात’ ओढता येतो, ही दुसरी समजूत. शाळेतली तरफ आठवा. मागचा हात मुठीच्या शेवटी, पुढचा हात रिळापाशी, दोघांत साधारण एक फूट. पुढच्या हातापासून टोक सहा फुटांवर. मागच्या हाताने सहा किलोचा जोर लावला, तर टोकाशी उरतो एक किलो. काठी लांबवली की तोही कमी. हिसडा मारताना लांब काठी जोर देत नाही, दोरीतली ढील खाते. सात फुटी काठी नव्वद अंशांतून फिरली की टोक आधीच्या जागेपासून जवळजवळ दहा फूट दूर जातं, सहा फुटीचं साडेआठ फूट. तीस वार लांब पडलेल्या, ताणल्या जाणाऱ्या नायलॉनच्या दोरीवर हा दीड फूट सोन्याचा. न ताणणारी विणलेली दोरी असेल आणि मासा समोर दहा फुटांवर असेल, तर त्याची किंमत शून्य.

मासा लागल्यावर हीच तरफ उलटते. तो टोक ओढतो आणि आपलं मनगट टेकूपाशी अडकतं. काठी कमानीसारखी वाकते तेव्हा तिची परिणामी लांबी कमी होते आणि मनगटाला जरा सुटका मिळते. वाकलेली काठी नवख्याला घाबरवते, पण त्या वाकण्यातच त्याची सोय असते.

लांबी किती वादाची होऊ शकते ते पाहायचं तर कॅलिफोर्नियातल्या डी थॉमसकडे जावं लागतं. हा गडी बारा फुटांच्या आसपासच्या काठीने लव्हाळ्याच्या दाटीत आमिष अलगद सोडायचा. फेकणं नाहीच, नुसतं सोडणं. आडोशातल्या बासला पाण्याचा आवाजही येत नसे. स्पर्धेतल्या इतरांनी कुरकूर केली, काठीच्या लांबीवर बंधन आलं. थॉमसने तंत्र साडेसात फुटांत बसवलं. रीळ आणि पहिली कडी यांच्यामधली दोरी डाव्या हाताने बाजूला ओढून धरायची. काठीच्या टोकाखाली आमिष साधारण काठीच्याच लांबीएवढं लोंबतं. टोक हलकेच वर उचललं की ते लंबकासारखं आपल्याकडे येतं. परत जाताना डावा हात दोरी सोडत जातो आणि आमिष पाण्याच्या लगत सरकत खोडाच्या मुळाशी बुडतं. दोन मीटर दोरीच्या लंबकाला एक हेलकावा पुरा करायला तीन सेकंदांच्या जरा आत वेळ लागतो, त्यामुळे या कामाला घाई चालतच नाही. याला ‘फ्लिपिंग’ म्हणतात. १९७५ साली आर्कान्साच्या बुल शोल्स जलाशयावरची मोठी स्पर्धा त्याने याच तंत्रावर मारली आणि फेनविकने साडेसात फुटी ‘फ्लिपिन स्टिक’ बाजारात आणली. ती लांबी माशाने ठरवली नव्हती, नियमाने ठरवली होती. तरी ती आजही टिकून आहे.

बाकी लांब्यांची कारणं साधी आहेत. पृष्ठभागावर डावीकडे-उजवीकडे नाचवायचं आमिष असेल, तर काठीचं टोक खाली धरून झटके द्यावे लागतात. बुटका माणूस आणि साडेसात फुटी काठी असा जोड जमला की टोक पाण्यावर आपटतं. तिथे साडेसहा फूट ठीक. क्रँकबेट नावाच्या खोल बुडणाऱ्या आमिषाला मात्र लांब फेक हवी. ते तिरकं खाली जातं आणि बोटीजवळ येताना पुन्हा वर येतं, म्हणून अंतर जेवढं जास्त तेवढा वेळ ते तळाशी चालतं. तिथे साडेसात-आठ फूट, आणि काठी जरा मऊ. कायाकमध्ये बसून मासे मारणाऱ्याचा प्रश्न निराळाच. त्याला पुढची लांबी छळत नाही, मागची लांब मूठ लाइफ जॅकेटमध्ये अडकते. एक काठी घ्यायची असेल तर सात फूट, मिडियम हेवी, फास्ट. फक्त ती बहुधा एकसंध असते, तेव्हा भाड्याच्या सेडानमध्ये ती डिकीतून थेट पुढच्या काचेपर्यंत जाते, हे दुकानातच लक्षात घ्यावं.

जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आयजीएफए या संस्थेच्या नियमांत या तरफेचा हिशेब चोख दिसतो. रिळाच्या पुढचा भाग किमान ४० इंच हवा आणि मागची मूठ २७ इंचांहून मोठी नको. किनाऱ्यावरून समुद्रात फेकायच्या काठ्यांना तेवढी सूट आहे. पुढचं टोक आखूड आणि मागचा दांडा लांब केला, तर तरफ पूर्णपणे माणसाच्या बाजूने झुकेल. म्हणून बंदी आखूडपणावर आहे.