मेडुला, अंजायना आणि लघु-गुरू

वैद्यकातल्या इंग्रजी शब्दांचे उच्चार घोकूनच पाठ करावे लागतात, असा समज आहे. तो निम्माच खरा. यातले असंख्य शब्द लॅटिनमधून, किंवा ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेले आहेत, आणि त्यांत आघात कुठे द्यायचा याचा मूळ नियम वृत्तांमधले लघु-गुरू शिकलेल्या मराठी माणसाला परका नाही. शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. 'मेडुल्ला' या लॅटिन शब्दात दुहेरी 'ल'मुळे 'डु' गुरू होतो, म्हणून इंग्रजी मेडुलामध्येही जोर मधल्या अक्षरावरच येतो. खांद्याच्या 'स्कॅप्युला'त मूळचा 'पु' लघू, म्हणून जोर पहिल्यावर. साम्य याहूनही खोल आहे. 'तुझ्या'तला 'तु' पुढे जोडाक्षर असूनही लघूच राहतो. तसेच लॅटिनमध्ये 'ब्र'सारख्या जोडणीआधीचे अक्षर लघू राहू शकते. म्हणूनच 'सेरेब्रम'चा जोर मुळात पहिल्या अक्षरावर. इंग्रजीत मात्र तो दुसऱ्यावर देणारेही पुष्कळ आहेत.

इथेच आक्षेप येतो: लोक नियम पाळत नसतील, तर तो शिकायचा कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. 'अंजायना'तला मधला स्वर लॅटिनमध्ये ऱ्हस्व, म्हणजे आघात पहिल्या अक्षरावर हवा; प्रत्यक्षात बहुतेक जण 'जाय'वर देतात. 'ॲब्डोमेन'चा 'डो' दीर्घ, तरी आज जोर बहुधा 'ॲब'वर असतो. शिवाय इंग्रजी स्पेलिंगवरून लॅटिन स्वराची लांबी कळत नाही. तेव्हा अंतिम निवाडा रूढीचाच, आणि 'अंजायना' म्हणणाऱ्याला चूक ठरवणे अन्यायाचे आहे. पण अपवाद ओळखायलाही नियम लागतो, आणि काही ठिकाणी तो भक्कम टिकून आहे: दाह दाखवणाऱ्या 'आयटिस' प्रत्ययातला मूळ 'ई' दीर्घ, त्यामुळे हेपटायटिस असो वा आर्थ्रायटिस, आघात 'आय'च्या अक्षरावरच.

मराठीत आघात हलला तरी शब्द सहसा ओळखू येतो, कारण आपण प्रत्येक स्वर बऱ्यापैकी स्पष्ट उच्चारतो. इंग्रजीत आघात नसलेले स्वर पुसट होतात, म्हणून जोर सरकला की शब्दाचे रूपच पालटते. लहान आतड्याच्या पहिल्या भागाचे नाव बारा बोटांच्या रुंदीइतक्या लांबीवरून पडले; त्याचे 'ड्यूओडीनम' आणि 'डुऑडनम' हे दोन्ही उच्चार शब्दकोशांत आहेत. विद्यार्थ्यांनी दोन्ही कानाने ओळखावेत आणि बोलताना एकच कायम ठेवावा.